चार हजार हर्ट्झपाशी

तांपेरेत नोव्हेंबर म्हणजे दुपारी साडेतीनला
कुणीतरी दिवा मालवून निघून गेल्यासारखं.
माझ्या दवाखान्यात मात्र रांग आहे,
सगळे साठीचे,
जाकिटांना डांबरगोळ्यांचा वास.
'रुओस्ते'चा नवा अल्बम आलाय एकोणीस वर्षांनी
आणि ह्यांना तो नीट ऐकायचाय.

मी कान तपासते, आलेख काढते,
डावा निळा, उजवा तांबडा.
ह्या लोकांचा आलेख मला न बघता काढता येईल :
सरळ चालत येतो आणि चार हजार हर्ट्झपाशी
खड्ड्यात पाय पडल्यासारखा कोसळतो.
पुस्तकात ह्याला गोंगाटाची खाच म्हणतात.
मी मनात म्हणते, एक्क्याऐंशीचा मार्च,
कापडगिरणीमागचा हॉल, प्रवेश पाच मार्क.

माझ्याही कानात ती खाच आहे.

रुओस्ते म्हणजे गंज.
चौघे होते. इल्पोनं ड्रम विकत घेतले की ढापले
ह्यावर अजून वाद आहे.
काउको ओरडायचा, गाणं त्याला कधी आलंच नाही,
आणि आम्हाला गाणं नकोच होतं.
माझे वडील कागद कारखान्यातून यायचे,
गुरुवारी वाटाण्याचं सूप,
शनिवारी सौना,
मधल्या दिवसांत एक शब्द नाही.
त्या घरातून मी त्या हॉलमध्ये गेले,
कानठळ्या बसल्या,
आणि वाटलं, चला, कुणीतरी आपल्याशी बोललं.

मग त्यांनी कानाला खडा लावला. पुन्हा वाजवणार नाही.
काउको प्लंबिंगला गेला, चांगला प्लंबर आहे,
माझ्या स्वयंपाकघरातला नळ त्यानंच बसवला
आणि मी ओळख दाखवली नाही.
बासवाला वेसा यकृतानं गेला.

अल्बमचं नाव 'भोंगा'. बारा गाणी, सव्वीस मिनिटं.
बास आता वेसाची मुलगी इन्का वाजवते,
बापासारखी मुळीच नाही. बरं झालं.

बसचालक तार्मो खुर्चीत बसता बसता सांगतो,
सहाव्या गाण्यात काउकोला खोकला येतो
आणि तो त्यांनी काढलेला नाही.
अकरा वेळा ऐकून त्यानं खात्री केलीय.
त्याच्या डोळ्यांत पाणी.
मी विचारते, गाणं कसं आहे?
म्हणतो, गाण्याचं काय, खोकला खरा आहे.

मेर्वीनं दोन प्रती घेतल्यात,
एक भावासाठी. तो उलूला असतो.
आईच्या घराच्या वाटणीपासून बोलणं नाही.
चिठ्ठी लिहिणार नाही म्हणाली,
पाकिटावर फक्त पत्ता.

एक नातू आजोबांना घेऊन आला होता,
कानात पांढरी बोंडं.
म्हणे, ह्यात नवीन काय, तेच तीन कॉर्ड.
आजोबांना ते ऐकू आलं नाही.
किंवा आलं असेल.

शुक्रवारी शेवटचा रुग्ण इल्पो स्वतः.
हातात टोपी, बुटांना चिखल,
नाव नोंदवताना आडनाव हळू आवाजात सांगितलं.
त्याला काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन लावले,
हातात बटण दिलं.
आवाज आला की दाबायचं, मी म्हटलं.
अगदी बारीक असला तरी.

पाचशेला ठीक. हजारला ठीक.
दोन हजारला जरा उशिरा.
चार हजारला मी आवाज चढवत नेला, साठ, सत्तर, ऐंशी,
बटण गप्प.
मग एकदम दाबलं. पुन्हा दाबलं. पुन्हा.
मी माझ्या बाजूनं सगळं बंद केलं
तरी दाबतच राहिला,
डोळे मिटलेले, चार-चारच्या ठेक्यात,
मधला ठोका किंचित घाईचा,
तोच, हॉलमधला.

चाचणी थांबवायला हवी होती.
अर्जात एक रकाना आहे : नुकसानीचं कारण.
मी पेन उघडून बसले होते.

त्यानं डोळे उघडले,
काचेपलीकडून काहीतरी विचारलं.
ओठ वाचायला मी नोकरीत शिकलेय :
वेग चढतोय का?

मी मान हलवली.
त्यानं कसं घेतलं कोण जाणे,
थांबला मात्र नाही.