खिडकीत जून

आमच्या वर्गात सूर्य एका पट्टीवर राहतो,
पडद्याच्या तळाशी, उजवीकडे.
बोटाने सरकवला की उगवतो,
आणखी सरकवला की भिंत उतरून
फरशीवर लांब होतो.
बाहेर ट्रॉम्सोत
तो नोव्हेंबरअखेर गेलाय.
सकाळी उशिरा थोडं निळं होतं,
जेवणं उरकेस्तोवर तेही विझतं.

एकोणतीस वर्षं मी खोल्या शिकवल्या
पुठ्ठा, कटर आणि डिंकावर.
डाव्या अंगठ्यावर अजून खुणा आहेत.
आता एकाच खोलीत बारा बाण फिरतात,
प्रत्येक बाणाच्या शेपटीला नाव.
ब्रागे भिंत पाडतो, तूवा ती परत बांधते,
सीवर्टला सोफ्यापलीकडं काही सुचत नाही.
योर्दानोसचा पिवळा बाण
एकाच कोपऱ्यात तासभर उभा.
"अडकलीस का?"
"नाही. बसून बघतेय."
बाणाला बसता येतं
हे मला तेव्हा कळलं.

खोली खरी होती, बंदरामागची,
एकतीस चौरस मीटर.
माणूसही खरा. ओडब्यर्न,
चाळीस वर्षं क्रेनवर काढलेला,
गुडघ्यांनी त्याच्याआधी राजीनामा दिलेला.
शुक्रवारी आला. बूट दाराशी काढले,
लोकरी मोज्यांत उभा राहिला.
आम्ही त्याच्या डोळ्यांवर तो जाडजूड चष्मा चढवला
आणि तो आपल्याच घरात शिरला.

"अरे वा," म्हणाला.
मान वर, मान खाली.
चाचपडत खिडकीपाशी गेला. तिथं ऊन होतं.
मुलांनी गुपचूप जून लावून ठेवला होता,
पाहुण्यांसाठी ठेवणीतल्या कपबश्या काढाव्यात तसा.
मला दिसलं होतं. मी बोलले नव्हते.
सवयीने त्याने कट्ट्यावर हात टेकला.
कट्टा नव्हता.

ब्रागेने धरला म्हणून,
नाहीतर इतक्या सुंदर उजेडात
तोंडावर आपटला असता.

कोणी हसलं नाही.
"इथं टेकायला काही नाही," तो म्हणाला,
तक्रार नव्हे,
माप सांगावं तसं.

मग योर्दानोसने
रंगांच्या डब्यांचं टेबल ओढलं,
चारी पाय किंचाळत होते.
पडद्याकडं बघत, जरा डावीकडं, जरा मागं,
दिसणाऱ्या कट्ट्याखाली
खरं लाकूड नेऊन लावलं.
उंची कमी पडली. सीवर्टने वर
जुन्या कॅटलॉगांची चवड रचली.
तूवाने पलंगाच्या जागी बाक सरकवला,
न्हाणीच्या दारात कुणी उलटी खुर्ची.
पाच मिनिटांत माझा वर्ग
घर बदलणाऱ्यांचा अंगण झाला.

त्याने परत हात टेकले. दोन्ही.
सगळं वजन दिलं.
"हां."
मग बऱ्याच वेळाने,
"इथं महिना कुठला चाललाय?"

बारा जण आपापल्या बोटांकडं बघू लागले.
पट्टी मीच सरकवली.
ऑक्टोबर, नोव्हेंबर,
एकवीस डिसेंबर, दुपारचे बारा.
खिडकी काळी झाली.

"हे माझं," ओडब्यर्न म्हणाला.
"आता सांगतो. दिवा वर नको,
काचेत तोच दिसत राहील, बोटी दिसायच्या नाहीत.
दिवा गुडघ्याच्या खाली.
आणि कट्टा अजून दोन बोटं रुंद करा,
कॉफी आणि कोपर
दोन्ही मावले पाहिजेत."

"दोन बोटं म्हणजे किती?" योर्दानोसने विचारलं.
त्याने बोटं पुढं केली, चष्मा तसाच,
भलत्याच दिशेला.
ती वळसा घालून गेली, मोजपट्टी लावली.
बेचाळीस मिलिमीटर.

सोमवारी आले तर टेबल तिथंच,
भर वर्गात, कॅटलॉगांसकट.
सफाईवाल्याने भोवतीनं पुसून घेतलं होतं.
पहिल्या वर्षाची मुलं अडखळत होती,
हे इथं कशाला, विचारत होती.
मी कोट उतरवत म्हणाले,
खिडकी आहे.
जपून.