किमान

पाच तारखेला सकाळी सहा वाजून दोन मिनिटांनी
उशीखाली फोन एकदा थरथरायचा.
भरणा यशस्वी.
मी कूस बदलायचे.
अडीच वर्षं माझं बिल माझ्या झोपेतच भरलं गेलं.

ज्ञानदीपनं लावून दिलं होतं ते, रामदासपेठेत,
लॅबच्या मागच्या जिन्यावर,
तर्री-पोह्याची प्लेट गुडघ्यावर सावरत.
"काहून वो ताई, दर महिन्याला तारीख विसरून राहिल्या?
एकदा टिचकी मारा अन् मोकळ्या व्हा."
दोन गोल होते म्हणे स्क्रीनवर. एकात टिंब पडलं.
कुठल्या, ते त्याच्या अंगठ्याच्या
लाल तेलकट ठशाखाली गेलं.
मी फोन ओढणीला पुसला
आणि मोकळी झाले.

बाबा वीजबिलाच्या खिडकीत बसायचे.
आतल्या बाजूला, एकतीस वर्षं.
माणसं त्यांना तारखांनी ठाऊक:
बिल हातात पडताच येणाऱ्या निमजे बाई,
शेवटच्या दिवशी, झडप पडता पडता
धापा टाकत येणारा उईके टेलर,
मुठीत चिल्लर, गळ्यात टेप तसाच.
ओल्या स्पंजावर बोट, नोटा दोनदा मोजायच्या, मग शिक्का.
ठप्प.
घरी ताटात वाटीसुद्धा तशीच ठेवायचे.
"पैसा जाताना दिसला पायजे," म्हणायचे.
मी त्यांना फोन दाखवायचे: दिसला न, बाबा, हे बघा, यशस्वी.

मग यंदाचा मे.
कूलरची टाकी बुडातून गंजली,
रात्रभर खाली परात, परातीत टपटप.
सदरच्या दुकानात नवा पसंत केला,
पोरानं कार्ड घासलं, पुन्हा घासलं,
मशीन शर्टाला पुसून तिसऱ्यांदा घासलं.
"उन्हानं होत असन मॅडम," तो म्हणाला, माझ्याकडे न बघता.

फोनवरची मुलगी फार गोड बोलली.
आपला भरणा अगदी नियमित आहे, मॅडम.
आपण दर महिन्याला किमान देय रक्कम भरता.

किमान.
हा शब्द मी रोज वाचते, पेपरच्या कोपऱ्यात:
नागपूर, कमाल सेहेचाळीस, किमान एकतीस.
पहाटेचा आकडा बघून कोणी दुपारी
बिनारुमालाची बर्डीवर जात नाही.
मी अडीच वर्षं गेले.
एकोणनव्वद हजार भरले.
त्यातले एकाहत्तर व्याजाचे नि करांचे.
बाकीच्यात प्रांजलीची क्लासची फी, एक फ्रिज,
आणि कसले कसले चारशे नव्व्याण्णव,
जे मला आजही आठवत नाहीत.

तीस महिन्यांची स्टेटमेंटं छापून मानेवाड्याला गेले.
बाबांनी चष्मा लावला.
स्पंज नव्हता, म्हणून कूलरच्या पाण्यात बोट बुडवलं
आणि पानं उलटत गेले, एकेक, आवाज न करता.
मला वाटलं, आता बोलतील.
मी उत्तर तयार ठेवलं होतं, ज्ञानदीपचं नाव घालून.

शेवटच्या पानावर थांबले.
"ह्या खिडकीत कोण बसते?"
कोणी नाही, बाबा. आपोआप होतं.
"कोणीच नाही?"
नाही.
बराच वेळ ते त्या कागदाकडे बघत राहिले,
जशी आत दिवा असलेली पण माणूस नसलेली खोली.
"मंग उईके आला असता," ते म्हणाले,
"तर त्याले कोण म्हटलं असतं,
थांब बापा, बस, घाम पूस,
पाच मिनिटं झडप नाही पाडत मी."

एफडी मोडली. टिंब दुसऱ्या गोलात हलवलं,
स्वतःच्या, कोरड्या बोटानं.
भरणा अजूनही आपोआपच होतो;
तारखा मला आजही लक्षात राहत नाहीत.
फक्त चार तारखेला रात्री, ताटं उचलल्यावर,
पूर्ण यादी वाचते, मोठ्यानं, ओळ न् ओळ.
प्रांजली कानात बोंडं घालते.
जुन्या कूलरला बाबांनी डांबर लावून दिलंय.
टपटप थोडी कमी झालीये.
परात अजून तिथेच आहे.