पटरची बांधणी, चार पेन्स

शनिवारी संध्याकाळी दोघांचे फटके सारखेच भरले.
छत्तीस होल, एकशे एकसष्ट.
समितीच्या लोकांनी तीनदा बेरीज केली,
दिवा जवळ ओढून, बोटं चाटत,
आणि वॉटी लम्सडेन आणि माझा बाप
दाराबाहेर एकाच बाकावर बसून राहिले
एकमेकांना तंबाखू देत.

निकाल सोमवारी लावायचा ठरला.
मधे रविवार होता,
आणि किलड्रेनीत रविवारी
गोल्फच्या मैदानावर जायची मुभा फक्त मेंढ्यांना.

चर्चमध्ये लम्सडेन आमच्या पुढच्याच रांगेत.
गवंडी होता तो. कितीही घासला
तरी मानेवरचा चुना जायचा नाही.
रेव्हरंड बाल्फूर तासभर मत्सरावर बोलले,
कुणाचं नाव न घेता,
आणि अख्खं गाव, कुणाकडे न बघता,
आमच्याकडे बघत राहिलं.

दिवेलागणीला तो मागच्या दाराने आला.
कोटाच्या आत पटर,
माझ्या बापानेच तीन वर्षांपूर्वी करून दिलेला.
काठी आणि डोकं जुळतं तिथेच उकललेला.
धाकट्याने घोडा घोडा केला, म्हणाला.
पुढे काही बोलला नाही. बापही नाही.
आईने भांडी जरा जास्तच आपटली.

रविवारी हत्याराला हात लावणं पाप.
म्हणून बाप नुसता बसून राहिला,
तळवे गुडघ्यांवर,
आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसा.
मला वाटलं, डोळा लागेल त्याचा.
लागावा, असंही वाटलं.
बाराचे ठोके पडले तसा उठला,
सरसाचं भांडं चुलीवर चढवलं,
म्हणाला, ग्रिझेल, दिवा धर.

अकरा वर्षांची होते मी.
दिवा धरण्याइतकी मोठी,
आणि राग धरण्याइतकीही.

डांबर लावलेला दोरा तो गुंडाळत गेला,
मोठ्याने मोजत, दर वेढ्यावर अंगठा दाबत.
चाळीस वेढे, हा त्याचा नेम.
तेहेतिसाव्याला मी दिवा हलवला.
मुद्दाम.
तो थांबला. माझ्याकडे पाहिलं नाही.
दोन वेढे उलगडले
आणि पुन्हा म्हणाला, बत्तीस.

उद्या त्याच्याशीच गाठ आहे ना तुझी?
मी विचारलं.
म्हणून तर, म्हणाला,
गाठ नीट बसायला हवी.

सोमवारी समुद्रावरून धुकं आलं.
हेरिंग साफ करणाऱ्या बाया
खवल्यांचे हात तसेच घेऊन बघायला आल्या,
धक्क्यावरचं काम बंद पडलं,
एडिनबराहून आलेला बातमीदार
सतराव्या होलवर खाडीत एक बूट घालवून बसला.
मला आठवतं ते एवढंच, आणि शेवटचं ग्रीन.
बापाचा चेंडू कपाच्या कडेशी आला,
आत डोकावला,
आणि राहिला बाहेरच.

मग लम्सडेन वाकला. दहा फूट असतील.
सगळे चेंडूकडे बघत होते,
मी दोऱ्याकडे.
सुट, सुट, असं मनात म्हणत होते,
आणि चाळीसच्या चाळीस वेढे
जागचे हलले नाहीत.

क्लबात आता फळी आहे. सोनेरी अक्षरं:
लम्सडेन, वर्ष, एका फटक्याने, प्लेऑफमध्ये.
पाहुण्यांना ती आवर्जून दाखवतात,
ऐतिहासिक म्हणतात.
बापाची हिशेबाची वही माझ्याकडे आहे.
सोमवार. डब्ल्यू. लम्सडेन.
पटरची बांधणी, चार पेन्स. मिळाले.
खाली, त्याच शाईत:
दिवा धरला, ग्रिझेल, अर्धी पेनी.

ती मी जपून ठेवली, असं सांगायला आवडलं असतं.
नाही ठेवली.
बडीशेपेच्या गोळ्या आणल्या त्याच आठवड्यात,
आणि एक, कुरकुरत,
लम्सडेनच्या त्या घोडेस्वारालाही दिली.