खालची मूठ

गुरुवारी शेवटचा तास बातम्यांचा.
ज्याला जे सापडेल ते त्यानं आणायचं,
पेपरचं कात्रण, चुलत्याच्या मोबाइलवर आलेलं काहीबाही,
भज्यांच्या पुडीचा कागद असला तरी चालेल,
फक्त त्यात विज्ञान पाहिजे.

आठवी ब, तासगाव. पंखे दोन, चालू एक.
राजवर्धन लघुग्रह आणतो. दर वेळी लघुग्रहच.
तो पृथ्वीला घासून जाणार असतो,
आणि जातोही,
आणि पुढच्या गुरुवारी दुसरा येतो.
पियूषनं एकदा आणलं होतं, मॅमथ परत येणार.
मुलींनी विचारलं, परीक्षेच्या आधी की नंतर?

परवा त्यानंच वाचलं, उभा राहून, घसा खाकरून:
रोज मूठभर बेदाणे खा,
स्मरणशक्ती तीस टक्क्यांनी वाढवा,
शास्त्रज्ञांचं संशोधन.

पुढं जे झालं त्याला मी गोंधळ म्हणणार नाही.
ज्या गावात हंगामात वारासुद्धा
डिपिंग ऑइलचा वास घेऊन वर्गात येतो,
ज्यांच्या दप्तराच्या तळाला
एखादा बेदाणा चिकटलेला असतोच,
त्यांच्या घरचा माल पेपरात, शास्त्रज्ञांच्या मांडीला मांडी लावून!
कुणीतरी बाक बडवला.
मीही हसलो. फळ्यावर मोठ्ठं लिहिलंसुद्धा, ३०%.

तेव्हा शेवटच्या बाकावरून, खिडकीशी बसणारी
अल्फिया मुलाणी,
जिचा आवाज मी हजेरीपुरताच ऐकलेला,
"सर, किती जणांस्नी चारलं?"

पियूषचं बोट ओळींवरून खाली खाली गेलं.
अगदी तळाला, गुडघेदुखीच्या जाहिरातीला टेकून, बारीक अक्षरात:
चौदा.

"चौदाच? आमच्या एका रांगंत चौदा बसत्यात वो.
आणि ज्यांनी खाल्लं न्हाई, त्ये किती हुते?"
ते बातमीत नव्हतं.

मग तिनं सांगितलं, आधी बाकाकडं बघत, मग आमच्याकडं.
आई निवडणीला जाते. ती सुट्टीत सौदे बघायला जाते.
"पेटी फोडली की वरची मूठ कुणी बघत न्हाई.
वर समदेच चांगलं लावत्यात.
मनगटाच्या वर हात घालायचा,
खालची मूठ काढायची,
काळं किती, देठाचं किती,
मग भाव बोलायचा.
ह्येंनी खालची मूठ काढलीया का?"

एकोणीस वर्षं मी नमुन्याची व्याख्या लिहून देतो आहे,
दोन गुणांची,
अधोरेखित करा म्हणतो, पोरं पट्टी लावून करतात.

राजवर्धन उठला, मग लघुग्रहाची मूठ कोण काढणार?
त्याला मूठ नसती, त्याला गणित असतंय, कुणीतरी म्हणालं.
गणितात पण चुकत्यातच की!
तूच चुकतोस.
घंटा झाली तरी भांडण जिन्यावरून खाली जाताना ऐकू येत होतं.

मी ३०% पुसायला डस्टर घेतला
आणि पुसलं नाही. पुढं एक प्रश्नचिन्ह काढलं.
गेल्या महिन्यात मुख्याध्यापकांना मी सांगितलं होतं,
ब तुकडीला विज्ञानात रस नाही.
त्यांनी मान डोलावली. विचारलं नाही कशावरून.
मी तरी कुणाला विचारलं होतं?
पुढच्या तीन बाकांना.
वरची मूठ.

आज गुरुवार.
अल्फियानं कात्रण आणलेलं नाही.
घरी पेपर येत नाही, तिनं तसं सरळ सांगितलं,
आणि राजवर्धनचा लघुग्रह वाचायला मागितला,
किती लांबून जाणार ते आधी बघितलं.

पियूष मात्र हात वर करून उभा.
सर, मी आठवडाभर खाल्लं, रोज, मोजून एक मूठ.
बरं. मग?
"बातमीची वही घरी इसरली."
वर्ग फुटला. तो जागचा हलला नाही.
"एकालाच मोजलंय, सर.
पण लिवून घ्या."