चष्म्याचं घर

लोकर आधी जाळून बघायची.
दुकानदाराचं ऐकायचं नाही.
धाग्याचं टोक काडीवर धरलं
आणि केस जळल्याचा वास आला, तर मेंढीची.
वितळून गोळी झाली, तर कारखान्याची,
ती कितीही उकळा, आटत नाही.
मुंबईत बहुतेक तीच मिळते.
इथे कुणाला थंडी वाजते?

अब्दुल रहमान स्ट्रीटवर मी तीन काड्या ओढल्या.
चौथ्या लडीला वास आला.
‘बाई, दुकान पेटवाल.’
रंग, भिजलेल्या चिंचोक्याचा.

मग विणायचं. बेढब विणायचं,
जाड सुई, ढिला हात,
हवं त्याच्या दीडपट.
दिगंबर म्हणाले, हे चष्म्याचं घर
की उशीचा अभ्रा?
म्हटलं, हा सुपर बिल्टअप.
कार्पेट किती ते धुतल्यावर कळेल.

कन्नमवार नगरातली आमची खोली पाडली
त्याला चार वर्षं झाली.
नकाशावरचं नवं घर दर बैठकीला जरा आटतं.
आधी बाल्कनी गेली,
मग मोरीची खिडकी,
परवा म्हणे भिंतीची जाडीही आपल्यातच धरलीय.
भाड्याच्या जागेत मशीन वरून उघडणारं आहे
एवढं एक बरं.

अभ्र्यात बांधून टाकलं, सोबत दिगंबरांची जुनी जीन,
घासायला कुणीतरी लागतं.
कढत पाणी, चमचाभर साबण.
आणि दर दहा मिनिटांनी झाकण उचलायचं,
दुधापाशी उभं राहावं तसं.
नजर हलली तर बाहुलीची टोपी.

पहिल्या फेरीला उलट सैलावलं.
दुसऱ्या फेरीला टाके पुसट.
तिसऱ्या फेरीनंतर गार पाण्यात बुचकळलं
आणि सोळावी ओळ शोधायला बसले.
तिथे माझा टाका चुकला होता,
विणताना सोसायटीचा फोन आला तेव्हा.
टाका सापडेना.
ओळच सापडेना.
केसाने केसाला असं धरलेलं
की कुठला कुणाच्या शेजारी होता
आता त्यांनाही सांगता येणार नाही.
कात्री लावली. तोंडाशी सरळ कापलं.
उसवलं नाही.

ओलं असतानाच चष्मा प्लास्टिकमध्ये गुंडाळून आत सारला,
आकार यावा म्हणून.
पंख्याखाली दोन दिवस, असं म्हणतात.
आपल्या हवेत चार धरा.

तिसऱ्या दिवशी वाडेगावकर डॉक्टरांनी
दिगंबरांच्या दुसऱ्या डोळ्याची पट्टी काढली,
समोरची अक्षरं वाचायला लावली,
अगदी खालच्या ओळीपर्यंत,
आणि म्हणाल्या, चष्मा सुटला तुमचा.
मला आनंद व्हायला जरा वेळ लागला.

घरी येऊन त्यांनी घर हातात घेतलं,
चष्मा काढला, प्लास्टिक सोडवलं,
काचा सदऱ्याला पुसल्या, नेहमीसारख्या,
परत आत ठेवला. लाकडी गुंडी लावली.
‘चला,’ म्हणाले,
‘एकाला तरी ताबा मिळाला.’

खाली, कोपऱ्याशी, अजून ओलं होतं.