नखांची नोंद

पिल्लं बारा आठवड्यांची झाली की निरोप यायचा,
आणि मी निघायचो केरीतल्या त्या चिखलवाटांनी,
डब्यात अक्षरांचे ठसे, चिमटा,
मोज्यात गुंडाळलेली हिरव्या शाईची बाटली.
कुणीतरी पिल्लू मांडीवर धरायचं.
मी कान उलटा करायचो,
दिव्यासमोर धरलेल्या बोटांसारखा लालसर,
आत शिरांचं बारीक जाळं.
चिमटा. किंकाळी. अंगठ्याने शाई चोळायची.
मग दुसरा कान.
अकरा पिल्लं, बावीस किंकाळ्या, वर चहा.

वर्षाने पुन्हा फेरी.
आता छापील कुत्रा कागदावर, आतून कोरा,
त्यात पट्टे भरायचे, छातीवरचा ढग भरायचा,
शेपटीच्या टोकाला किती पांढरं, नखभर की बोटभर,
आणि शेवटी नखं.
एकेक पाय हातात घेऊन, एकेका नखाचा रंग.
लोक हसायचे. पळणार पायांनी, आणि हा नखं मोजतोय!

कुलॉटींच्या अंगणात अडलो होतो.
मागचा डावा पाय, बाहेरून दुसरं नख.
काळं नाही. पांढरंही म्हणवेना.
त्यांची ईता, सात वर्षांची, पंजा धरून बसलेली,
म्हणाली, "चहात दूध जास्त झाल्यासारखं."
तेवढी जागा नव्हती रकान्यात.
मी "पांढरं" लिहिलं.
शर्यतीचं नाव: ग्लॅशा लँटर्न.
घरात बटन्स.

पाच वर्षांनी, नोव्हेंबरात, सार्जंट लूनीचा फोन.
दलदलीच्या कडेला सापडलाय एक.
"पण तू काय वाचणार," म्हणाला, "कानच नाहीत."

खरंच नव्हते.
कुणीतरी या कानाची खबर त्या कानाला लागू न देता
दोन्ही उतरवले होते, मुळापासून,
घरातल्याच सुरीने बहुधा.
घोंगडीखाली तो थरथरत होता, नखशिखांत म्हणतात तसा,
आणि त्या शब्दाने माझा हात खाली गेला.
मागचा डावा. बाहेरून दुसरं.

बटन्स, म्हणालो.
शेपटीचं टोक हललं.
हे लिहायला कुठलाही रकाना नाही,
चाळीस वर्षं फॉर्म भरतोय, मला माहीत आहे.

वहीत मालकी तीनदा बदललेली.
कुलॉटी खोडलेले, मग लिमरिकचा कुणी, तोही खोडलेला.
शेवटचं नाव ठळक, सुवाच्य, माझ्याच अक्षरात.
दंड झाला, त्याने भरला, पावती घेतली.

रविवारी तो माझ्या पुढच्या बाकावर बसतो.
सकाळचं ऊन पूर्वेच्या खिडकीतून येतं,
नेमकं त्याच्या डोक्यामागून,
आणि त्याचे दोन्ही कान लालसर होतात,
आत शिरांचं बारीक जाळं.
मी प्रार्थनेचं पान चुकतो.
शेजारची मला कोपराने ढोसते.