सहापैकी चार

ॲक्रनच्या दक्षिण टोकाला, टायरच्या बंद कारखान्यामागे
नारिंगी शटरांची एक लांब रांग आहे.
त्यातला दोनशे सतरा नंबरचा गाळा माझा.
महिना चौऱ्याण्णव डॉलर, खात्यातून आपोआप जातात,
श्वास जावा तसे, लक्षात न येता.

घर घेतलं तेव्हा वाटलं होतं, मावेल सगळं.
मग वस्तू वाढल्या की आम्ही आखडलो, देव जाणे.
सुवार्ता म्हणाली, टाकू नकोस, लागेल कधीतरी.
ते 'कधीतरी' तीन वर्षं तिथं कुलपात आहे.

फेब्रुवारीत कुलूपही गोठलं.
गाळेवाला रँडल आला, लांबलचक वायर ओढत,
हातात बायकोचा हेअर ड्रायर.
कुलपाला ऊब देता देता त्यानं सहज विचारलं,
आत काय ठेवलंयस?
मी तोंड उघडलं
आणि आठवेना.

त्याच्या आदल्या रविवारी पाळक म्हणाले होते,
काँगोहून एक कुटुंब आलंय, जमिनीवर बसून जेवतात,
कुणाकडे एखादं टेबल...
मी हात वर केला. इतका चटकन
की पुढच्या बाकावरच्या मिसेस केलर वळून हसल्या
आणि मला माझा हात आवडला.

गाळ्यात टेबलं दोन निघाली.
एक अक्रोडाच्या लाकडाचं, सहा खुर्च्यांसकट.
एक घडीचं, एका पायाला मीच कधी दोरी गुंडाळलेली.
खरं सांगतो, अर्धा तास उभा होतो दोघांच्या मध्ये.
तोंडातून वाफ निघत होती
आणि मन घासाघीस करत होतं.
कुणाशी, तेही कळत होतं.

जालन्याला बाबा मिशनच्या शाळेत मास्तर.
सदरे दोन: एक अंगात, एक दोरीवर.
सुगीच्या उपासनेला परसातला भोपळा वेदीपाशी नेऊन ठेवायचे,
मग लिलावात त्याच भोपळ्यावर बोली लावायचे,
अकरा रुपयांना सोडवून घ्यायचे
आणि चर्चच्या पायरीवर 'विसरून' यायचे.
आई धुसफुसायची. संध्याकाळी भाजीला काही नसायचं.
मला तेव्हा तो वेडेपणा वाटायचा.
आजही थोडा वाटतो.

अक्रोडाचं टेबल काढलं शेवटी.
मोठ्या मनानं वगैरे नाही.
दोरीचा पाय उजेडात फार लाजिरवाणा दिसत होता.

बहाती दारात उभा होता. टेबलावरून त्यानं तळहात फिरवला,
गाभण गाईच्या पाठीवरून फिरवतात तसा, हलकेच.
खुर्च्या मोजल्या.
चार आत नेल्या.
दोन परत आणून माझ्या व्हॅनपाशी ठेवल्या.
म्हटलं, अहो, सेट आहे, सहाचा.
आठ वर्षांची नीमा मध्ये उभी राहून
इकडचं तिकडे पोचवत होती:
बाबा म्हणतात, आम्ही चौघं आहोत.
आणि पाहुणा आला तर?
तिनं विचारलं, ऐकलं, हसली.
बाबा म्हणतात, तेव्हा ते उभे राहतील.
पाहुणा जेवताना त्यांना बघायचा असतो.

परतताना एक खुर्ची मागे, एक माझ्या शेजारच्या सीटवर.
गाडी टिवटिवायला लागली, माणूस समजून.
मी खुर्चीला पट्टा बांधला.
सिग्नलला शेजारच्या गाडीतला पोरगा बघत राहिला.

सुवार्तानं विचारलं, किती दिल्यास?
चार.
दोन का ठेवल्यास?
ठेवल्या नाहीत गं, परत आल्या.
ती काही बोलली नाही. भात वाढला.
रोजची भाकर आज दे, असं लहानपणापासून मागत आलोय,
त्या रात्री पहिल्यांदा मध्येच अडखळलो,
'आज' या शब्दापाशी.

गाळा अजून आहे. घडीचं टेबल आहे,
खोके आहेत, ज्यांवर मीच लिहिलंय 'इतर'.
एक तारखेला चौऱ्याण्णव डॉलर गेले.
या वेळी जाताना
त्यांचा आवाज आला.